चिमणाबाई पहिल्या

रावपुऱ्याचा टॉवर कोणाच्या नावाचा, हे जुन्या बडोदेकर घरांतून विचारावे लागत नाही. नवी मंडळी मात्र बहुधा दुसऱ्या चिमणाबाईसाहेबांचे नाव घेतात, आणि त्यांना फारसा दोष देता येत नाही. त्या १९५८ पर्यंत हयात होत्या, ग्रंथकर्त्या होत्या, महिला परिषदेच्या पहिल्या अध्यक्षा होत्या. टॉवर पहिल्या चिमणाबाईंचा. न्यायमंदिरही त्यांच्याच स्मरणार्थ. दोन्ही वास्तू १८९६ च्या, म्हणजे बाई जाऊन अकरा वर्षे लोटल्यावरच्या.

जन्म १८६४ चा, तंजावरच्या मोहिते घराण्यातला. माहेरचे नाव लक्ष्मीबाई. ६ जानेवारी १८८० रोजी सयाजीराव महाराजांशी विवाह झाला. त्यांच्याबरोबर तंजावरच्या नर्तकी आणि साथीदार आले, आणि ज्याला आज आपण भरतनाट्यम् म्हणतो त्याची या शहराला ओळख झाली. हे पुष्कळांनी लिहिले आहे. मला लिहायचे आहे ते माजघरात बोलले जाते आणि पुरुषाची चाहूल लागताच थांबते.

१८८१ मध्ये बाजूबाई जन्मल्या, १८८२ मध्ये पुतळाबाई, आणि ३ ऑगस्ट १८८३ रोजी फत्तेसिंहराव. शेवटल्या तारखेपासून नऊ महिने मागे मोजावेत. फत्तेसिंहरावांच्या वेळी दिवस राहिले तेव्हा पुतळाबाईंचा पहिला वाढदिवसही झालेला नव्हता. आजचे वैद्यकशास्त्र सांगते की एका बाळंतपणानंतर पुन्हा दिवस राहण्यापूर्वी निदान दोन वर्षे जावीत. तेवढ्या अवधीत रक्त भरून येते, शरीर सावरते.

एवढी घाई कसली, हे बडोद्याच्या इतिहासात शोधायला लांब जावे लागत नाही. १८७० मध्ये खंडेराव महाराज वारले तेव्हा जमनाबाईसाहेब गरोदर होत्या. मुलगा होतो की मुलगी, यावर गादी टांगलेली होती. १८७१ त मुलगी झाली आणि मल्हाररावांचे आसन पक्के झाले. ते पदच्युत झाल्यावर १८७५ त जमनाबाईंनी कवळाण्याच्या मुलाला दत्तक घेतले. तेच आपले सयाजीराव महाराज. ज्या घराने एका प्रसूतीवर राज्य तोललेले पाहिले, त्या घराची सून तंजावरची सोळा वर्षांची मुलगी झाली होती. दोन मुलींनंतर सगळ्यांचे डोळे कशाकडे लागले असतील, हे सांगायला नको.

आपल्या सामान्य घरांत एक सोय होती. मुलगी बाळंतपणाला माहेरी जाई, सव्वा महिना खोलीबाहेर पडत नसे, आणि पुष्कळदा चार-सहा महिने सासरी परतत नसे. कारण सोयरसुतकाचे सांगत, पण विसावा खरा मिळे. अंगावर पाजणारीला पुन्हा दिवस राहायलाही बहुधा उशीर लागतो. राजघराण्यांतून दाईने पाजण्याची चाल होती; आणि जी पाजत नाही तिला महिन्या-दीड महिन्यातच पुन्हा गर्भ राहू शकतो, पाळी येण्याआधीसुद्धा. श्रीमंतीचे हे नुकसान कोणी हिशेबात धरत नसे.

आज डॉक्टर स्पष्ट सांगतात. गरोदरपण निर्वेध असेल तर पतिपत्नीसंबंधास सहसा हरकत नसते. बाळंतपणानंतर स्राव थांबून जखम भरेपर्यंत थांबावे, साधारण सहा आठवड्यांनी तपासून घ्यावे. पाजणाऱ्या बाईला काही महिने कोरडेपणा जाणवतो, मन तयार नसते, आणि हे आजारपण नव्हे. पाळी सुरू होण्याची वाट न पाहता पाळणा लांबवण्याचा उपाय करावा. या सर्वांत बाईची इच्छा पहिली धरावी. माझ्या मते याच एका गोष्टीला सव्वा महिन्याच्या आपल्या रिवाजात जागा नव्हती: दिवस मोजले जात, तिला विचारले जात नसे.

बाईंना क्षय झाला. कॉखने क्षयाचा जंतू १८८२ त शोधला, पण त्यावरचे औषध यायला साठ वर्षे लागायची होती. रोग जंतूनेच होतो, बाळंतपणाने होत नाही. पण दबून राहिलेला क्षय प्रसूतीनंतरच्या महिन्यांत उसळतो हे आता ठाऊक आहे. त्या काळी बाईला तपासायला बाईडॉक्टर मिळणेही दुर्मीळ. त्यासाठी डफरिन फंड निघाला तो १८८५ च्या ऑगस्टात. बाई त्याच वर्षी ७ मे रोजी गेल्या होत्या. आनंदीबाई जोशी डॉक्टर झाल्या १८८६ त, आणि पुढच्याच वर्षी त्याही क्षयानेच गेल्या, वय एकवीस. त्यांचेही एक मूल चौदाव्या वर्षी होऊन दहा दिवसांत गेले होते.

बाजूबाई १८८३ तच वारल्या, ज्या वर्षी भाऊ जन्मला. पुतळाबाई आईच्याच वर्षी गेल्या. उरले फत्तेसिंहराव, आईवेगळे झाले तेव्हा दोन वर्षांचेही नव्हते. ते १९०८ मध्ये पंचविसाव्या वर्षी वारले. गादी त्यांच्यापर्यंत आलीच नाही. १९३९ त ती त्यांच्या मुलाला, प्रतापसिंहरावांना, आजोबांकडून मिळाली.