महादेवभाई देसाई: अटकेनंतर सहा दिवसांत कैदेत मृत्यू, नेमकं काय घडलं होतं?

१५ ऑगस्ट १९४२. पुण्याचा आगाखान पॅलेस तेव्हा इंग्रजांनी तुरुंग केला होता. महादेवभाई देसाईंना रात्री झोप चांगली लागली होती. सकाळी नाश्ता झाला, गांधीजींसोबत फेरफटकाही झाला. काही वेळाने त्यांना भोवळ आली आणि ते गेले. कैदेतच असलेल्या डॉ. सुशीला नायर आणि तुरुंगाच्या डॉक्टरांचे प्रयत्न थिटे पडले. वय अवघं ५०.

सुरत जिल्ह्यातल्या सरस गावचे हे वकील १९१७ मध्ये गांधीजींकडे आले आणि २५ वर्षं त्यांचे सचिव राहिले. गांधीजींच्या आत्मकथेचं इंग्रजी भाषांतर त्यांचंच. नुसते सचिव म्हणणं कमीच. विदर्भाच्या रणरणत्या उन्हात वर्धा ते सेवाग्राम त्यांनी रोज पायी ये-जा केली. तब्येत आधीच खालावली होती, तरी काम थांबलं नाही. ९ ऑगस्टला मुंबईत अटक झाली.

आदल्या रात्री ठणठणीत दिसणारा माणूस अचानक कसा जातो? हृदयाची लय बिघडली की मेंदूचा रक्तपुरवठा तुटतो आणि हाताशी मोजकी मिनिटंच उरतात. छाती दाबून रक्ताभिसरण चालू ठेवण्याची आजची पद्धत १९६० मध्ये पुढे आली. म्हणजे त्या सकाळी डॉक्टर शेजारी असूनही हे साधन हाती नव्हतं.

गांधीजींनी स्वतः पार्थिवाला स्नान घातलं. अंत्यसंस्कार पॅलेसच्या आवारातच झाले. २२ फेब्रुवारी १९४४ रोजी कस्तुरबाही तिथेच, कैदेतच गेल्या. दोघांच्या समाध्या आज शेजारी आहेत.