नाण्यांचे अभ्यासक डॉ. देवदत्त रामकृष्ण भांडारकर

भोपाळहून सुमारे साठ किलोमीटरांवर, विदिशेलगत, बेतवा आणि बेस या नद्यांच्या दुबेळक्यात बेसनगरचे प्राचीन अवशेष आहेत. तेथील हेलिओडोरसचा गरुडस्तंभ सर्वपरिचित आहे; मात्र त्या परिसराचे पद्धतशीर उत्खनन १९१३ ते १९१५ या काळात डॉ. देवदत्त रामकृष्ण भांडारकर या मराठी पंडिताने केले, याचे स्मरण आज थोड्यांनाच असते.

देवदत्तांचा जन्म १९ नोव्हेंबर १८७५ रोजी झाला. थोर प्राच्यविद्यापंडित सर रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांचे ते सुपुत्र. विद्येचा वारसा घरातच लाभला, तरी पित्याच्या कीर्तीवर ते विसंबले नाहीत. १९०४ साली ते पुरातत्त्व खात्याच्या पश्चिम मंडळात रुजू झाले आणि १९११ मध्ये हेन्री कझिन्स यांच्यानंतर मंडळाचे अधीक्षक झाले.

याच सुमारास बांसवाडा संस्थानातील सरवाणिया येथे सापडलेला क्षत्रपांच्या चांदीच्या नाण्यांचा मोठा साठा त्यांच्या हाती आला. त्यात दोन हजारांहून अधिक नाणी होती. रोमन दिनारांप्रमाणे या नाण्यांवरही राजाचा मुखवटा असतो, त्याभोवती ग्रीक अक्षरांचे अर्थहीन अवशेष असतात. त्यामुळे अनभिज्ञ माणूस त्यांना सहज रोमन समजेल. रोमन चांदी भडोच बंदरात उतरत असे, हेही खरे. परंतु दिनारावर लॅटिन लेख असतो आणि त्याचे वजनही अधिक भरते. क्षत्रपांच्या नाण्याची खरी ओळख मागील बाजूस पटते. तेथे तीन कमानींच्या पर्वताभोवती ब्राह्मी लिपीत राजाचे व त्याच्या पित्याचे नाव आणि पदवी असते. पुढील बाजूस मुखवट्यामागे बहुधा शकवर्षाचा आकडा असतो.

ईश्वरदत्त नावाच्या महाक्षत्रपाने मात्र शकवर्ष न देता आपल्या राज्याचे पहिले व दुसरे वर्ष एवढेच नोंदविले आहे. त्याचा काळ ठरविणे हे मोठे कोडे होते. इंग्रज नाणकशास्त्रज्ञ रॅप्सन यांनी मुखवट्याची घडण आणि महाक्षत्रपांच्या नाण्यांतील खंड पाहून त्याला इसवी सन २३६ ते २३९ च्या सुमारास ठेवले. भांडारकरांचे लक्ष पदव्यांकडे गेले. शक ११० ते ११२ या वर्षांत पहिला रुद्रसिंह महाक्षत्रपाऐवजी केवळ क्षत्रप म्हणवतो, हे हेरून त्यांनी ईश्वरदत्ताचा काळ इसवी सन १८८ ते १९० असा मांडला. हा निर्णय सर्वांना मान्य झाला नाही. तथापि एका पदवीच्या बदलात सत्तांतराची खूण शोधण्याची त्यांची दृष्टी अभ्यासकांना मोलाची वाटली.

१९१७ पासून १९३६ पर्यंत ते कलकत्ता विद्यापीठात कारमायकेल प्राध्यापक होते. १९२१ च्या व्याख्यानमालेत त्यांनी प्राचीन भारतीय नाणकशास्त्राची मांडणी केली आणि नाणे पाडण्याची कला भारताने परकीयांकडून घेतली, या समजुतीस साधार विरोध केला. १९५० साली त्यांचे निधन झाले. गरुडस्तंभाच्या दर्शनास जाणाऱ्या भोपाळच्या मराठी वाचकाने तेथील भूमीत या पंडिताने केलेल्या परिश्रमांचीही आठवण ठेवावी.