पंडिता रमाबाई : शंकेतून श्रद्धेकडे

प्रार्थना केली आणि तत्काळ संकट टळले, अशा गोष्टी आपण पुष्कळ ऐकतो. त्या ऐकून आनंद होतो खरा. परंतु आपली स्वतःची प्रार्थना निष्फळ झाली, म्हणजे मन खचते व आपल्यापाशी श्रद्धाच नाही की काय, असे वाटू लागते. अशा वेळी पंडिता रमाबाईंच्या चरित्राचे मनन करावे. त्या विदुषी होत्या, हे सर्वांस ठाऊक आहे. परंतु बाप्तिस्मा घेतल्यानंतरही त्यांच्या मनाला कित्येक वर्षे स्वस्थता नव्हती, हे फार थोड्यांस ठाऊक असते.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी सह्याद्रीतील गंगामूळच्या अरण्यात झाला. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी आपल्या पत्नीस संस्कृत शिकविले, म्हणून त्यांना लोकांचा रोष पत्करावा लागला. पुढे दारिद्र्य आले आणि हे कुटुंब पुराणे सांगत तीर्थोतीर्थी हिंडू लागले. ऊसतोडीसाठी बिऱ्हाड पाठीवर घेऊन निघणारी कुटुंबे आपल्या बीड जिल्ह्यात आपण पाहतोच. त्यांवरून त्या भटकंतीची कल्पना येईल. १८७४ च्या सुमारास दुष्काळात व उपासमारीत आईवडील गेले. पाठोपाठ थोरली बहीणही गेली. उरलेली दोघे भावंडे हजारो मैल पायी चालली. बालपणापासून केलेल्या व्रतांवरील व यात्रांवरील त्यांचा विश्वास या दुःखाने डळमळला.

१८७८ मध्ये कलकत्त्याच्या विद्वानांनी रमाबाईंची परीक्षा पाहून त्यांना ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. परंतु १८८० मध्ये भाऊ श्रीनिवास वारला. त्याच वर्षी त्यांनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी विवाह केला. १८८१ मध्ये कन्या मनोरमा जन्मली आणि १८८२ च्या फेब्रुवारीत पटकीने पतीचा अंत झाला. चोवीस वर्षे पुरी होण्यापूर्वीच या स्त्रीने आई, वडील, बहीण, भाऊ व पती इतक्यांचे मृत्यू पाहिले होते.

पदरी तान्ही मुलगी घेऊन त्या पुण्यास आल्या, तेथे आर्य महिला समाज स्थापिला आणि १८८३ मध्ये वैद्यक शिकण्याच्या उद्देशाने इंग्लंडला गेल्या. पण त्यांना कमी ऐकू येत असे. त्यामुळे वैद्यकाचे दार बंद झाले. ज्यासाठी समुद्र ओलांडला तेच हाती लागले नाही! त्याच वर्षी २९ सप्टेंबर रोजी वाँटेज येथे मायलेकींनी बाप्तिस्मा घेतला.

येथे कथा संपली, असे कोणास वाटेल. परंतु खरी झुंज येथूनच सुरू झाली. रमाबाईंची बुद्धी प्रश्न विचारल्याशिवाय राहत नसे. त्रैक्याचा सिद्धांत, ख्रिस्ताचे देवत्व, मंडळीचा अधिकार यांविषयी त्यांनी आपल्या गुरुभगिनींशी पत्रांतून कसून वाद घातला. त्यांना हट्टी, गर्विष्ठ असेही म्हटले गेले. जे मनाला पटले नाही ते पटले असे म्हणावयास त्या तयार नव्हत्या. आणि शंका आहे म्हणून देवाकडे पाठ फिरवावयासही त्या तयार नव्हत्या.

पुढे अमेरिकेत राहून त्यांनी हिंदी विधवांसाठी साहाय्य मिळविले. तेथील मित्रांनी दहा वर्षे पैसा देण्याचे कबूल केले आणि ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत ‘शारदा सदन’ उघडले. पुढे महर्षी कर्वे यांच्या पत्नी झालेल्या गोदूबाई या तेथील पहिल्या विधवा विद्यार्थिनी होत. दिवसभर शिकविणे, स्वयंपाकघर पाहणे, हिशेब लिहिणे चालले होते. पण अंतःकरणात शांती नव्हती. आपणास ख्रिस्ती धर्म मिळाला, ख्रिस्त मिळाला नाही, ही जाणीव त्यांस टोचीत होती. बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी, १८९१ च्या सुमारास, एका इंग्रज धर्मोपदेशकाचे आत्मचरित्र वाचताना तारण हे कष्टाने मिळवावयाचे नसून विश्वासाने आजच स्वीकारावयाचे आहे, हे त्यांस उमगले.

मन स्थिर झाले म्हणून संकटे थांबली नाहीत. शारदा सदन एव्हाना पुण्यास आले होते. तेथे धर्मशिक्षण दिले जाणार नाही, असे अभिवचन होते. परंतु रमाबाई खोलीचे दार उघडे ठेवून प्रार्थना करीत आणि ज्या मुलींस वाटे त्या येऊन बसत. यावरून १८९३ मध्ये मोठा गहजब झाला. न्यायमूर्ती रानडे व डॉ. भांडारकर यांच्यासारख्या थोर सल्लागारांना वचनभंग झाला असे वाटले व त्यांनी अंग काढून घेतले. पुष्कळ पालकांनी मुली नेल्या. वर्ग ओस पडले. तरी उरलेल्या मुलींचे शिक्षण चालूच राहिले.

याच काळात त्यांनी दौंडजवळ, पुण्याच्या लोहमार्गावरील केडगाव येथे शेतजमीन घेतली. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी मुली-विधवांना घेऊन आल्या. पुण्यात प्लेग पसरल्यामुळे त्यांस शहरात ठेवण्याची सोय उरली नाही. तेव्हा माळावर तंबू-झोपड्यांतून ‘मुक्तिसदन’ उभे राहिले. इकडे अमेरिकेच्या साहाय्याची दहा वर्षे १८९८ मध्ये संपत आली होती. तशातच १८९९-१९०० चा दुष्काळ आला आणि सदनातील माणसांची संख्या सुमारे दोन हजारांवर गेली. १९७२ च्या दुष्काळाची हकीकत आजीआजोबांच्या तोंडून ऐकलेल्या आपणा बीडकरांस, दोन हजार तोंडांना दोन वेळ अन्न व पाणी पुरविणे म्हणजे काय, हे निराळे सांगावयास नको. रमाबाई प्रार्थना करीत आणि उठून विहिरी खणवीत, भाजीपाला लाववीत, मुलींना विणकाम, छापकाम, शेतकाम शिकवीत. प्रार्थना आणि कुदळ यांत त्यांनी कधी विरोध मानला नाही.

उतारवयात त्यांनी हिब्रू व ग्रीक भाषांचा अभ्यास करून अवघ्या पवित्र शास्त्राचे सोप्या मराठीत भाषांतर आरंभिले. खेड्यातील अल्पशिक्षित बाईलाही ते समजावे, हा हेतू. ज्या मनोरमेच्या हाती सर्व कार्य सोपवावयाचे, ती बीडप्रमाणेच तेव्हा निजामाच्या राज्यात असलेल्या गुलबर्ग्यास शाळा काढण्यास पुढे झाली होती. परंतु २४ जुलै १९२१ रोजी ती आईच्या आधी गेली. एकुलत्या एका लेकीच्या मृत्यूनंतरही रमाबाईंनी लेखणी खाली ठेवली नाही. भाषांतर पुरे करून ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांनी देह ठेवला. छापून पूर्ण झालेला ग्रंथ १९२४ मध्ये बाहेर पडला. तो पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते.

विद्यार्थिमित्रहो, परीक्षेत अपयश येईल. पाऊस दगा देईल. घरात आजारपण येईल. आणि देव ऐकतो की नाही, असा प्रश्नही मनात उठेल. तो प्रश्न उठला म्हणून लाजू नका व तो लपवूही नका. आईवडिलांनीही मुलांच्या प्रश्नांस रागावून गप्प करू नये. रमाबाईंनी आठ वर्षे शंका उराशी बाळगल्या, पण हाती घेतलेले काम थांबविले नाही, की प्रार्थना सोडली नाही. उत्तर मिळेपर्यंत हातचे काम न सोडणे, हाही देवावरील भरवसाच होय. आणि तो आपणा सर्वांस आजपासून आचरिता येण्यासारखा आहे.