दयेचे पाणी आणि हक्काचे पाणी

दक्षिण अमेरिकेतील कोलंबिया या देशात ९ सप्टेंबर हा दिवस मानवी हक्क दिन म्हणून पाळला जातो. १९८५ साली कायदा करून तो ठरविण्यात आला, तोही एका कॅथोलिक धर्मगुरूच्या स्मरणार्थ. त्यांचे नाव संत पीटर क्लेव्हर. तहानेने तडफडणाऱ्या काळ्या गुलामांना पाणी पाजणारा हा माणूस चवदार तळ्याचा वारसा सांगणाऱ्या आमच्या वाचकांना ठाऊक असायलाच हवा.

क्लेव्हर यांचा जन्म १५८० साली स्पेनमधील कातालोनिया प्रांतात, व्हेर्दू या गावी झाला. १६०२ मध्ये ते जेझुइट संघात दाखल झाले. मायोर्का बेटावर शिकत असताना तिथल्या अलोन्सो रॉड्रिगेझ या वृद्ध द्वारपालाने त्यांना अमेरिकेत जाऊन काम करण्याची प्रेरणा दिली. १६१० साली ते निघाले आणि पुढे कार्ताहेना हे बंदर त्यांची कर्मभूमी झाले. १६१६ मध्ये त्यांना तिथेच धर्मगुरूपदाची दीक्षा मिळाली.

कार्ताहेना म्हणजे स्पॅनिश साम्राज्यातील गुलामांची मोठी बाजारपेठ. आफ्रिकेतून पकडून आणलेली माणसे साखळदंडात जखडून जहाजाच्या तळाशी कोंबलेली असत. चहूबाजूंनी समुद्र, पण प्यायला घोटभर पाणी नाही. कित्येक जण वाटेतच मरत. जहाज बंदराला लागले की क्लेव्हर दुभाष्यांना घेऊन त्या नरकात उतरत. पाणी, फळे, औषधे वाटत, जखमा धूत, अंगावरचा झगा काढून आजाऱ्यावर पांघरत. आधी तहान भागवायची, मगच धर्माची गोष्ट काढायची, ही त्यांची रीत होती. १६२२ मध्ये अखेरची शपथ घेताना त्यांनी स्वतःला कायमचा आफ्रिकनांचा गुलाम म्हणवून घेतले. १६५० नंतर आजाराने ते अंथरुणाला खिळले आणि ८ सप्टेंबर १६५४ रोजी त्यांचा अंत झाला.

त्यांच्या करुणेपुढे आम्ही नतमस्तक आहोत. पण आंबेडकरी माणूस करुणेपाशी थांबत नाही, तो व्यवस्थेला प्रश्न विचारतो. क्लेव्हर ज्या दुभाष्यांच्या तोंडून गुलामांशी बोलत, ते दुभाषे स्वतःच जेझुइट महाविद्यालयाच्या मालकीचे गुलाम होते. अंगोलातून आणलेला आंद्रेस साकाबुचे हा त्यांतलाच एक. क्लेव्हर यांच्या मृत्यूनंतर त्यांच्या संतपणाची चौकशी झाली, तेव्हा त्याने साक्ष दिली. म्हणजे या संताचे चरित्र जगाला कळले ते गुलामांच्या तोंडून! तहानेल्याला पाणी मिळाले, बाप्तिस्म्याचेही पाणी मिळाले, पण साखळदंड तुटला नाही. बाप्तिस्मा झालेला माणूस दुसऱ्या दिवशी बाजारात विकला जाई.

त्याच काळात, त्याच कार्ताहेनात दुसराही एक माणूस होता. बेंकोस बिओहो. त्याने गुलामीतून पळ काढला, पळालेल्यांना एकत्र केले आणि रानात स्वतंत्र वस्ती उभारली. १६२१ साली स्पॅनिश सत्तेने त्याला फाशी दिले. घोटभर पाण्यावर त्याचे समाधान होणार नव्हते. त्याला स्वातंत्र्य हवे होते. चर्चने क्लेव्हर यांना संत केले ते १८८८ साली. कोलंबियातील गुलामगिरी कायद्याने संपली होती ती १८५१ मध्येच.

दयेचे पाणी हक्काचे व्हायला किती काळ लागला पाहा. पाणी हा मानवी हक्क आहे, असे व्हॅटिकनने २००३ च्या क्योटो येथील जागतिक जल परिषदेसाठीच्या निवेदनात मांडले. २८ जुलै २०१० रोजी बोलिव्हियाच्या पुढाकाराने संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने तसा ठराव १२२ विरुद्ध शून्य मतांनी संमत केला, ४१ देश तटस्थ राहिले. २०१५ साली पोप फ्रान्सिस यांनी आपल्या परिपत्रकात शुद्ध पाणी हा मूलभूत हक्क असल्याचे सांगितले. याचे आम्ही स्वागतच करतो. पण बाबासाहेबांनी २० मार्च १९२७ रोजी महाडला ओंजळ भरली, ती कुणाच्या दयेवर नव्हे. माणूस म्हणून आमचा हक्क आहे, हे त्यांनी त्या ओंजळीने जगाला बजावले. संयुक्त राष्ट्रांच्या ठरावाच्या ८३ वर्षे आधी! पुढे १९३७ मध्ये उच्च न्यायालयाचा निकाल आपल्या बाजूने लागला आणि संविधानाच्या कलम १५ ने सार्वजनिक विहिरी-तलाव सर्वांना खुले केले.

तरीही डिसेंबर २०२२ मध्ये तामिळनाडूतील वेंगैवयल गावात दलित वस्तीच्या पाण्याच्या टाकीत मानवी विष्ठा आढळली. संतांच्या पुण्यतिथ्या साजऱ्या करून ही घाण जाणार नाही. तहानेल्याला पाणी देणारा क्लेव्हर आदरणीय आहेच, पण ज्या समाजात कुणाला पाण्यासाठी दुसऱ्याच्या दयेची वाट पाहावी लागते, तो समाज बदलण्याचे काम आमच्याकडे आले आहे. आपल्या गावची टाकी, आपल्या वस्तीचा नळ आणि शाळेतला माठ यांच्यापासूनच त्याची सुरुवात करू या.