देणी डाव्या बाजूला

कादंबरीच्या मुखपृष्ठावर लेखकाचे नाव एकटेच असते. आत दोन-चार पाने उलटली की अर्पणपत्रिका लागते आणि कधी प्रस्तावनेच्या शेवटी ऋणनिर्देशाचा एक परिच्छेद असतो. आपल्यापैकी बहुतेक जण ही पाने न वाचताच पहिल्या प्रकरणाकडे वळतात. मीही वळत असे. पण गेल्या वर्षीच्या वार्षिकांकात माझी एक कथा छापून आली, आणि तेव्हापासून ही पाने ओलांडून जाणे मला जमेनासे झाले. त्याचे कारण लेखाच्या शेवटी सांगेन. आधी ज्यांच्या चरित्राकडे मी या निमित्ताने वळलो, त्या कै. विष्णु सखाराम खांडेकरांविषयी लिहितो.

खांडेकरच का, असे कोणी विचारील. माझे आजोळ पेडणे तालुक्यात आहे आणि माझे सारे शालेय शिक्षण तिथे मराठीतून झाले. पेडण्याहून आरोंदामार्गे निघाले की थोड्याच वेळात शिरोडे लागते. आपल्या फोंडा तालुक्यातले शिरोडे नव्हे, वेंगुर्ले तालुक्यातले. सुट्टीत मामाबरोबर तिथल्या बाजाराला जाताना मिठागरे दिसत. याच गावात खांडेकरांनी अठरा वर्षे मास्तरकी केली, हे मला फार उशिरा कळले. वडिलांकडून मी कन्नड बोलणाऱ्या घरातला. त्यामुळे ज्याचे पुस्तक मराठीत जन्मले आणि कन्नडमध्येही नांदले, असा लेखक मला दोन्हीकडून जवळचा वाटला.

खांडेकरांचा जन्म जानेवारी १८९८ मध्ये सांगलीला झाला. त्यांचे मूळ नाव गणेश आत्माराम. वडील सांगली संस्थानात न्यायखात्यात होते. ते लवकर वारले आणि घराची घडी विस्कटली. मुलाची दृष्टी लहानपणापासूनच अधू होती, तरी वाचनाचे वेड दांडगे होते. १९१३ साली मॅट्रिक होऊन हा मुलगा पुण्याला फर्ग्युसन महाविद्यालयात आला. तिथल्या दिवसांत त्याला राम गणेश गडकऱ्यांचा सहवास लाभला. गडकरी तेव्हा नाटककार आणि कवी म्हणून गाजत होते. अशा माणसाने कोवळ्या वयाच्या विद्यार्थ्याशी साहित्यावर बोलावे, याचे मोल काय असते ते विद्यार्थ्यालाच कळते. गडकरी श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांना गुरू मानीत, आणि पुढे खांडेकरांनीही त्यांनाच गुरुस्थानी मानले. गडकरी जानेवारी १९१९ मध्ये अवघ्या तेहेतिसाव्या वर्षी गेले. खांडेकरांच्या आठवणींच्या लेखनात मात्र ते पुन्हा पुन्हा येत राहिले.

१९१६ साली सावंतवाडीकडे नानेलीला राहणाऱ्या सखाराम खांडेकर या चुलत्यांना ते दत्तक गेले. गणेशाचा विष्णु झाला आणि आत्मारामाच्या जागी सखाराम आले. मुखपृष्ठावर जे एकटे नाव आपण वाचतो, ते नावसुद्धा त्यांना दुसऱ्याने दिलेले होते! या दत्तकविधानाने सुख आले असे नाही. पुण्याचे शिक्षण सुटले, आणि पदवी हाती न घेताच तरुण खांडेकर कोकणात आले.

१९२० साली, वयाच्या बाविसाव्या वर्षी, ते शिरोड्याच्या ट्यूटोरियल इंग्लिश स्कूलमध्ये शिक्षक म्हणून रुजू झाले. मी आज वीस वर्षांचा आहे. शिक्षण अर्धवट राहिलेला, डोळ्यांनी अधू असा तरुण आडगावातल्या शाळेत उभा आहे, हे चित्र डोळ्यांसमोर आणले की मला थोडी भीतीच वाटते. पण ती शाळा त्यांनी १९३८ पर्यंत सोडली नाही. पुढे ते तिथले मुख्याध्यापकही झाले. गावात गरिबी होती. मिठागरात राबणारी माणसे होती, शेतीभातीत पिचलेली कुटुंबे होती आणि शाळेत येणारी त्यांची मुले होती. मे १९३० मध्ये याच शिरोड्याला मिठाचा सत्याग्रह झाला. पुण्या-मुंबईचा सुशिक्षित मध्यमवर्ग हेच ज्या काळी मराठी कादंबरीचे जग होते, त्या काळी खांडेकरांना हे दुसरे जग रोज वर्गात भेटत होते.

त्यांची पहिली कादंबरी हृदयाची हाक १९३० साली प्रसिद्ध झाली. त्यानंतर कांचनमृग, उल्का, दोन ध्रुव या कादंबऱ्या शिरोड्याच्याच मुक्कामात आल्या. ध्येयवादी शिक्षक, खेड्यातले दारिद्र्य, श्रीमंत आणि गरीब यांतली दरी हे त्यांचे विषय हवेतून आलेले नव्हते. शिरोड्याच्या त्या मुलांपैकी कोणाचेही नाव मुखपृष्ठावर नाही. पण ती मुले नसती तर पुण्यात राहिलेल्या खांडेकरांनी काय लिहिले असते, हा प्रश्न मला पडतो. कदाचित गडकऱ्यांसारखी नाटके लिहिली असती. उल्का लिहिली असती असे मला वाटत नाही.

लिहिणाऱ्याला छापणाराही लागतो. सावंतवाडीहून मेघश्याम शिरोडकर वैनतेय हे साप्ताहिक चालवीत. त्यात खांडेकरांनी पुष्कळ लिहिले, आणि त्यांचा लघुनिबंध याच साप्ताहिकात वाढला. संस्थानातल्या गावी निघणारे ते छोटे पत्र. पण दर आठवड्याला मजकूर मागणारा संपादक असणे म्हणजे तरुण लेखकाला रोजचा व्यायाम मिळण्यासारखे आहे. पुढे पुण्याच्या देशमुख आणि कंपनीने त्यांची पुस्तके काढली. रा. ज. देशमुखांसारखा प्रकाशक पाठीशी असणे ही लेखकाची केवढी मिळकत असते, हे आम्हा वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांनी तरी ओळखायला हवे. कागद, छपाई, बांधणी, विक्री आणि बुडीत जाण्याचा धोका यांतले काहीच कादंबरीत दिसत नाही, पण यांच्यावाचून कादंबरी वाचकापर्यंत पोहोचत नाही.

मग चित्रपट आला. १९३६ साली मास्टर विनायकांनी खांडेकरांच्या कथेवर छाया हा बोलपट काढला. १९३८ साली खांडेकर शिरोडे सोडून कोल्हापूरला गेले, त्यामागे या चित्रपटलेखनाचाही भाग होता. ज्वाला, देवता, अमृत असे बोलपट त्यांच्या लेखणीतून आले. इथे एक गंमत लक्षात येते. बोलपट सुरू होताना पडद्यावर नावांची रांग लागते. छायाचित्रण कोणाचे, ध्वनिलेखन कोणाचे, संगीत कोणाचे, सारे सांगितले जाते. कादंबरीला अशी रांग नसते. तेच खांडेकर, तीच लेखणी, पण पडद्यावर ते अनेकांपैकी एक आणि पुस्तकावर एकटे!

तरीही आपल्या परीने हा हिशेब ते ठेवीत होते असे मला वाटते. त्यांच्या कादंबऱ्यांना जोडलेल्या प्रस्तावना प्रसिद्धच आहेत. कथाबीज कुठून आले, ते मनात किती दिवस पडून राहिले, ते मोकळेपणाने सांगत. काही टीकाकारांना या प्रस्तावना पाल्हाळाच्या वाटल्या. मला त्या रोजकीर्दीसारख्या वाटतात. व्यवहार घडला त्या क्रमाने तो लिहून ठेवायचा, मग खतावणी कोणी करो वा न करो.

१९५९ हे साल या बाबतीत मोठे लक्षणीय आहे. त्या वर्षी ययाति प्रसिद्ध झाली. महाभारतातली एक कथा घेऊन भोगाला अंत नसतो हे सांगणारी ही कादंबरी. तिला १९६० चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला आणि पुढे १९७४ चा ज्ञानपीठ पुरस्कार मराठीत प्रथमच खांडेकरांकडे आला. त्याच १९५९ साली अण्णाभाऊ साठ्यांची फकिरा आली. अण्णाभाऊंना शाळेचे शिक्षण जवळजवळ मिळालेच नव्हते. मुंबईत कामगार म्हणून राबत त्यांनी लेखन केले. त्यांनी फकिरा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या लेखणीला अर्पण केली, आणि तिची प्रस्तावना लिहिली वि. स. खांडेकरांनी. तरुणपणी गडकरी-कोल्हटकरांकडून जे मिळाले, ते परत करायला ते दोघेही तोवर हयात नव्हते. अशा वेळी ऋण फेडायचे ते पुढच्या माणसाच्या खात्यावर. खांडेकरांनी ते तिथे जमा केले, असे मी समजतो.

भाषांतरकारांचे ऋण निराळेच. तमिळमध्ये का. श्री. श्री. यांनी त्यांच्या कादंबऱ्या नेल्या, आणि तिथल्या वाचकांनी खांडेकरांना आपलाच लेखक मानले. गुजरातीत गोपाळराव विद्वांसांनी हे काम केले. कन्नडमध्ये वि. म. इनामदारांनी ययाति आणली. आमच्या घरी आजीने ती कन्नडमध्ये वाचली होती आणि मी मराठीत. शर्मिष्ठेवरून आमचे वाद होत, तेव्हा हे एकच पुस्तक आहे हे आम्ही दोघेही विसरत असू. खांडेकरांच्या आदल्याच वर्षाचे, म्हणजे १९७३ चे, ज्ञानपीठ कन्नड कवी द. रा. बेंद्र्यांकडे गेले होते. बेंद्र्यांची घरची भाषा मराठी. आमच्या या अंकात मराठी आणि कन्नड विभाग एकाच बांधणीत असतात, त्याला अशी थोर परंपरा आहे!

उतारवयात खांडेकरांची दृष्टी पुरती गेली. ज्या माणसाचे सारे आयुष्य अक्षरांवर चालले, त्याला अक्षरे दिसेनाशी झाली. पण लेखन थांबले नाही. ते सांगत आणि कोणीतरी लिहून घेई. वाचायचे ते दुसऱ्याच्या डोळ्यांनी आणि लिहायचे ते दुसऱ्याच्या हातांनी. रशियन कादंबरीकार दोस्तोयेव्स्कीने १८६६ साली घाईघाईने एक कादंबरी ॲना नावाच्या तरुण लघुलेखिकेला सांगून लिहविली होती. पुढच्या वर्षी तिच्याशीच त्याचा विवाह झाला, आणि आपली शेवटची थोर कादंबरी त्याने तिलाच अर्पण केली. लेखनिकाच्या वाट्याला असे अर्पण क्वचित येते. वाक्य कुठे थांबले, कुठला शब्द खोडला, कुठे सांगणाऱ्याचा आवाज जड झाला, हे सारे लेखनिकाने पाहिलेले असते. त्याच्याइतका जवळचा वाचक दुसरा नसतो. २ सप्टेंबर १९७६ रोजी खांडेकर मिरजेला निवर्तले. अखेरच्या वर्षांतले त्यांचे लेखन आपण वाचतो, तेव्हा न दिसणाऱ्या त्या हातांचेही ऋण आपल्यावर असते.

आम्हाला जमाखर्चाच्या पहिल्याच वर्षी ताळेबंद शिकवतात. मालमत्ता उजव्या बाजूला आणि देणी डाव्या बाजूला. नवख्या विद्यार्थ्याला एक गोष्ट नेहमी कोड्यात टाकते. मालकाचे स्वतःचे भांडवलसुद्धा डाव्या बाजूला, देण्यांच्या रांगेत का? सर सांगतात की धंद्याच्या दृष्टीने तेही कोणाकडून तरी आलेलेच आहे. पुस्तकाचेही असेच असावे. लेखकाची प्रतिभा हे त्याचे भांडवल खरे, पण तेही डाव्याच बाजूला शोभते. आणि देणी लपवलेला ताळेबंद कितीही नेटका दिसला, तरी तो खोटाच असतो. म्हणून ऋणनिर्देश हा मला शिष्टाचार वाटत नाही. तो हिशेबाचा खरेपणा आहे.

आता ते कारण सांगतो. माझ्या त्या कथेत एक म्हातारा आजोबा होता, आणि शेवटचे दीड पान मी त्याच्या भाषणाने आणि अश्रूंनी भरले होते. छापायला देण्यापूर्वी मी ती कथा माझ्या एका वर्गमित्राला कन्नडमध्ये सांगितली. तो कन्नड विभागात कविता लिहितो. त्याने शांतपणे ऐकले आणि एवढेच सुचवले की असा म्हातारा असे बोलणार नाही, तो गप्प बसेल. मी रागावलो, पण रात्री ते दीड पान काढून टाकले. अंक निघाल्यावर सगळ्यांनी कथेच्या शेवटाचीच स्तुती केली. स्टाफरूममध्येही झाली. मी ती स्तुती घेतली आणि त्याचे नाव कुणापाशीही काढले नाही. त्यानेही माझे अभिनंदन केले. मात्र त्यानंतर त्याने आपली कविता मला कधी दाखवली नाही. पूर्वी प्रत्येक कविता तो आधी मला वाचून दाखवीत असे.

हा लेख लिहून झाल्यावर मी तो सर्वांत आधी त्याच्याकडे नेला आणि जे वर्षभर बोललो नव्हतो ते बोललो. त्याने लेख दोनदा वाचला, एक अख्खा परिच्छेद खोडला आणि दोन वाक्ये जागची हलवली. आपले नाव छापू नये असे त्याने निक्षून सांगितले, म्हणून ते इथे नाही. खोडलेला परिच्छेद कोणता, हे वाचकांना कळणार नाही. पण जे चांगले वाटेल त्यातला त्याचा वाटा मी या लेखाच्या डाव्या बाजूला लिहून ठेवतो. काल संध्याकाळी त्याने घडी केलेला एक कागद माझ्या वहीत ठेवला. नवी कविता आहे. अजून उघडलेली नाही. आज रात्री सावकाश वाचीन म्हणतो.