ठरविले ते एकदाच : टेंबे स्वामींचे नेमस्त जीवन

नृसिंहवाडीत पावसाळा आला की कृष्णा-पंचगंगेच्या संगमावर पाण्याची पातळी चढू लागते. पाणी दत्तपादुकांवरून वाहत दक्षिणेकडील द्वारातून बाहेर पडते, तेव्हा दक्षिणद्वार सोहळ्याच्या स्नानासाठी भाविकांची झुंबड उडते. पाणी आणखी वाढले तर उत्सवमूर्ती नारायणस्वामींच्या मंदिरात हलविली जाते आणि पूजाअर्चा तेथे सुरू राहते. ऐन पुरात आता काय करावे, अशी चर्चा करीत कोणी बसत नाही. कोणत्या वेळी काय करायचे, हे पूर्वीच ठरलेले असते. ज्या क्षेत्राची रीतच अशी आहे, त्या क्षेत्राशी ज्यांचे नाव कायमचे जोडले गेले, त्या श्री वासुदेवानंद सरस्वती तथा टेंबे स्वामी महाराजांचे आयुष्यही याच रीतीने घडले होते.

आजच्या नोकरदाराला हे आयुष्य निराळ्या कारणाने वाचण्याजोगे वाटेल. सकाळी कार्यालयात पाऊल ठेवल्यापासून आधी काय हाती घ्यावे, कोणाला होकार द्यावा, कोणते काम उद्यावर टाकावे, या विचारांतच निम्मी शक्ती खर्च होते. संध्याकाळपर्यंत मन इतके शिणते की घरी भाजी कोणती करायची, हा प्रश्नही नकोसा होतो. मानसशास्त्रज्ञांनी याला निर्णयांचा थकवा असे नाव दिले आहे. या थकव्याचे नेमके कारण काय, याविषयी संशोधकांत मतभेद आहेत. पण अनुभव सर्वांच्याच ओळखीचा आहे. अमेरिकेचे अध्यक्ष असताना बराक ओबामा ठरावीक दोनच रंगांचे सूट वापरीत, तेही किरकोळ निवडीतून डोके मोकळे ठेवण्यासाठी. स्वामींनी ही वाट शतकभर आधी आणि कितीतरी अधिक कठोरपणे चोखाळली होती.

माणगाव ते वाडी

वासुदेव गणेश टेंबे यांचा जन्म 13 ऑगस्ट 1854 रोजी तत्कालीन सावंतवाडी संस्थानातील माणगाव येथे झाला. वडील गणेशभट्ट दत्तभक्त होते. गाणगापूरला राहून त्यांनी दीर्घकाळ सेवा केली होती. आजोबा हरिभट्ट यांच्या देखरेखीखाली वासुदेवशास्त्रींचे वेदाध्ययन झाले. पुढे ज्योतिष, वैद्यक आणि संस्कृत काव्य यांतही त्यांनी गती मिळविली. 1875 मध्ये अन्नपूर्णाबाईंशी त्यांचा विवाह झाला.

याच काळात त्यांना वाडीची ओढ लागली. कोकणातून सह्याद्रीचा घाट चढून ते पायी वाडीला येत. येथे त्यांना गोविंदस्वामींचे मार्गदर्शन लाभले आणि त्यांच्या आयुष्याची दिशा निश्चित झाली. यापुढे कोणतीही मोठी गोष्ट स्वतःच्या आवडीनिवडीने करायची नाही, दत्तप्रभूंची आज्ञा होईल तसेच वागायचे, हा त्यांचा निश्चय झाला. या एका निश्चयाने पुढच्या असंख्य निश्चयांचे ओझे उतरविले. समोर आलेली गोष्ट लाभाची की तोट्याची, मानाची की अपमानाची, हे तोलत बसण्याचे कारणच उरले नाही. प्रश्न एकच राहिला, आज्ञा काय आहे?

उभारलेले सोडून देणे

1883 मध्ये माणगाव येथे त्यांनी दत्तमंदिर उभारले. थोड्याच काळात तेथे लोकांची रीघ लागली. कोणी पत्रिका घेऊन येई, कोणी आजारपण, कोणी संततीची चिंता, तर कोणी भूतबाधेचे गाऱ्हाणे. ज्योतिष आणि वैद्यक या दोन्हींचे ज्ञान असलेला निर्लोभी शास्त्री गावात असल्यावर दुसरे काय होणार? उत्सव वाढले, अन्नदान वाढले, माणगावचे नाव दूरवर पोचले.

कर्तृत्ववान माणसाची खरी कसोटी अशा वेळी लागते. अपयशी काम सोडणे सोपे असते, फळास आलेले काम सोडणे अवघड. सात वर्षांच्या वास्तव्यानंतर, 1889 मध्ये, आज्ञा झाली म्हणून शास्त्रीबुवांनी पत्नीसह माणगाव सोडले आणि ते वाडीच्या वाटेला लागले. आपल्यामागे मंदिराचे काय होईल, येणाऱ्या लोकांचे काय होईल, या विचाराने त्यांचा पाय अडखळला नाही. देवस्थानाचा व्याप सांभाळणे हे त्यांचे पहिले काम नव्हतेच. पहिले काम कोणते, हे त्यांना माहीत होते. म्हणून दुसऱ्या क्रमांकाचे काम कितीही डौलदार दिसले तरी ते त्यांना बांधून ठेवू शकले नाही.

या निर्णयांची किंमत मात्र एकट्या त्यांनी मोजली नाही. घरदार सोडून पतीबरोबर पायी निघालेल्या अन्नपूर्णाबाईंच्या मनात काय चालले असेल, याची नोंद चरित्रग्रंथांत फारशी आढळत नाही. 1891 मध्ये गोदावरीकाठी गंगाखेड येथे त्यांचा मृत्यू झाला. त्यानंतर चौदाव्या दिवशी वासुदेवशास्त्रींनी संन्यास घेतला. वय होते अवघे सदतिसावे चालू. पुढे उज्जैनला जाऊन त्यांनी नारायणानंद सरस्वतींकडून दंड घेतला आणि ते वासुदेवानंद सरस्वती झाले.

तेवीस चातुर्मास, एक दिनक्रम

त्यानंतरची तेवीस वर्षे म्हणजे अखंड पदयात्रा होती. पहिला चातुर्मास 1891 मध्ये उज्जैनला आणि अखेरचा 1913 मध्ये गुजरातेतील गरुडेश्वरला झाला. मधल्या काळात ब्रह्मावर्त, बदरीकेदार, हरिद्वार, द्वारका, तंजावर, कुरुगड्डी असा जवळजवळ सारा देश त्यांनी पायाखाली घातला. वाहनात बसायचे नाही, पैशाला शिवायचे नाही, जवळ दंड, कमंडलू, मोजकी वस्त्रे, पूजेचे साहित्य आणि पोथ्या यांपलीकडे संग्रह ठेवायचा नाही, माध्यान्हीला भिक्षा मागून मिळेल ते घ्यायचे, हे नियम त्यांनी कसोशीने पाळले. संग्रहणीचा विकार पाठीशी असतानाही त्यांनी त्यांत सवलत घेतली नाही.

बाहेरून पाहणाऱ्याला हा नियमांचा तुरुंग वाटेल. स्वामींच्या दृष्टीने तीच मोकळीक होती. काय ल्यावे, काय खावे, कशाने प्रवास करावा, किती साठवावे, हे प्रश्न एकदाच सुटले होते आणि रोज नव्याने सोडवायचे नव्हते. वाचलेली शक्ती लेखन, अध्यापन आणि लोकांची दुःखे ऐकणे यांकडे वळली. दत्तपुराण, दत्तमाहात्म्य, सप्तशती गुरुचरित्रसार अशी विपुल ग्रंथरचना त्यांनी संस्कृत व मराठीत केली, तीही मठ, लेखनिक वा ग्रंथालय यांच्या सोयीवाचून, भटकंतीत. शिक्षात्रय या रचनेत तर त्यांनी कुमार, तरुण आणि वृद्ध या तीन अवस्थांसाठी स्वतंत्र उपदेश केला. कोणत्या वयात कशाला अग्रक्रम द्यावा, याचाच तो विचार होय. श्रीपाद श्रीवल्लभांचे जन्मस्थान पीठापूर आणि नृसिंहसरस्वतींचे कारंजा यांची ओळख दत्तसंप्रदायाला नव्याने करून देण्यातही त्यांचा मोठा वाटा आहे.

विशेष म्हणजे या तेवीस चातुर्मासांपैकी एकही नृसिंहवाडीत झाला नाही. जे स्थान त्यांना सर्वांत जिव्हाळ्याचे, तेथे ते येत, राहत आणि आज्ञा होताच निघून जात. जिव्हाळा आणि अग्रक्रम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, याचे याहून बोलके उदाहरण सापडणे कठीण.

24 जून 1914 रोजी गरुडेश्वर येथे नर्मदातीरी स्वामी समाधिस्थ झाले. गुळवणी महाराज, रंगावधूत महाराज, नानामहाराज तराणेकर अशा शिष्यांनी त्यांचा वारसा महाराष्ट्रात, गुजरातेत आणि माळव्यात पुढे नेला.

आज काय घ्यावे?

स्वामींचे अनेक नियम त्यांच्या काळाचे आणि त्यांच्या आश्रमाचे होते. सोवळेओवळे आणि जातिनिर्बंध यांची त्यांतील चौकट आजच्या वाचकाला पटणार नाही, आणि पटावी असा आग्रहही नाही. संसारी माणसाला घर सोडून चालायचे नाही आणि प्रत्येक प्रश्नाला आज्ञा होईलच, असेही नाही. पण पद्धत घेण्याजोगी आहे. जे रोज करावे लागते ते एकदाच ठरवून टाकावे. त्याचा पुन्हा काथ्याकूट करू नये. दिवसातील पहिले काम कोणते, हे आदल्या रात्रीच निश्चित असावे. आणि हाती घेतलेले काम कितीही नावारूपाला आले असले, तरी ते आपल्या मुख्य कामाच्या आड येत असेल तर ते सोडण्याची तयारी ठेवावी. यांतील तिसरी गोष्ट सर्वांत कठीण. माणगाव सोडणाऱ्या शास्त्रीबुवांचे मोठेपण तेथेच दिसते.

वाडीत आजही पालखीच्या वेळी स्वामींनी येथेच रचलेली करुणात्रिपदी म्हटली जाते. कोल्हापूर, सांगली, इचलकरंजीहून आलेली माणसे घाटावर हात जोडून उभी असतात. कोणाच्या मनात नोकरीचा पेच असतो, कोणाच्या धंद्याचा, कोणाच्या घरचा. बहुतेकांना कौल हवा असतो. त्रिपदीचे सूर संपतात, पालखी आत जाते आणि माणसे आपापल्या वाटेला लागतात. ती त्रिपदी रचणाऱ्या संन्याशाने कौल आयुष्यात एकदाच लावला आणि पुढे जन्मभर पाळला, एवढे त्यांतील काहींच्या ध्यानी आले, तरी उद्याची सकाळ थोडी हलकी होईल.