हँक गॅदर्स : संघ बदलला, संघ घडवला

१६ मार्च १९९०. कॅलिफोर्नियातील लाँग बीच येथे अमेरिकेच्या राष्ट्रीय महाविद्यालयीन बास्केटबॉल स्पर्धेतील पहिल्या फेरीचा सामना सुरू होता. लॉयोला मेरीमाउंट विद्यापीठाचा बो किंबल फ्री थ्रोच्या रेषेवर येऊन उभा राहिला. त्या हंगामात देशात सर्वाधिक सरासरीने गुण मिळविणारा हा खेळाडू उजव्या हाताने खेळणारा होता. मात्र त्याने चेंडू डाव्या हातावर तोलला आणि तसाच फेकला. चेंडू अलगद बास्केटमध्ये गेला. त्या डाव्या हाताचा अर्थ प्रेक्षागारात बसलेल्या प्रत्येकाला ठाऊक होता. बाराच दिवसांपूर्वी किंबलचा बालमित्र हँक गॅदर्स ऐन सामन्यात कोसळून मरण पावला होता. फ्री थ्रो ही हँकची दुखरी बाजू होती. उजव्या हाताने जमेना म्हणून त्या हंगामात तो डाव्या हाताने फ्री थ्रो घेत असे.

ही दोन मुले चार वर्षांपूर्वी एका बड्या विद्यापीठाच्या संघातून बाहेर पडली होती. त्यांच्यामुळे एका लहान विद्यापीठाचा संघ साऱ्या देशाच्या नजरेत आला. अमेरिकेत आज महाविद्यालयीन खेळाडूंचे विद्यापीठ बदलणे नित्याचे झाले आहे. १९८६ मध्ये मात्र त्याची किंमत खेळाडूलाच मोजावी लागत होती. हँक गॅदर्सचे तेवीस वर्षांचे आयुष्य समजून घेताना त्या बदलापाशी थांबावेच लागते.

फिलाडेल्फियाची वस्ती

एरिक विल्सन गॅदर्स हे त्याचे कागदोपत्री नाव. पण जग त्याला हँक म्हणूनच ओळखते. ११ फेब्रुवारी १९६७ रोजी फिलाडेल्फियात त्याचा जन्म झाला. शहराच्या उत्तर भागातील रेमंड रोझन या सरकारी गृहवसाहतीत तो वाढला. दारिद्र्य, अमली पदार्थ आणि गुन्हेगारी यांनी वेढलेली ती वस्ती होती. आई ल्युसिल हिने मुलांना वाढवले. त्याच भागात राहणारे फादर डेव्ह हेगन हे कॅथलिक धर्मगुरू मुलांचा आधार होते. बास्केटबॉल हा त्यांचा आणि मुलांचा समान धागा होता. हँकच्या आयुष्याला पुढे जे वळण लागले, त्यातही या धर्मगुरूंचा वाटा होता.

मरेल डॉबिन्स या तंत्रशाळेत हँक आणि बो किंबल एकाच संघात खेळत. बोच्या खेळात नजाकत होती, दुरून नेम साधण्याची कला होती. हँककडे होती ती ताकद आणि न थकणारी जिद्द. बास्केटच्या कडीला लागून परतणारा चेंडू, म्हणजेच रिबाउंड, दुसऱ्याच्या हाती जाऊ द्यायचा नाही, हा त्याचा खाक्या. १९८५ मध्ये डॉबिन्सने शहरातील सरकारी शाळांचे विजेतेपद पटकावले आणि या जोडीच्या दारात विद्यापीठांची रीघ लागली.

शब्द कोणाचा?

दोघांनी घरापासून हजारो मैल दूर असलेले, लॉस एंजेलिसमधील सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठ निवडले. प्रशिक्षक स्टॅन मॉरिसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यांना तिथे आणले होते. हँक आणि बो यांच्याबरोबर टॉम लुइस आणि रिच ग्रांडे असे चौघे नवखे खेळाडू त्या वर्षी दाखल झाले. या चौघांवर संघाची पुढची चार वर्षे उभी राहणार, असे चित्र होते. पण पहिल्याच हंगामात संघाच्या पदरी ११ विजय आणि १७ पराभव पडले आणि मॉरिसन यांचे प्रशिक्षकपद गेले.

तिथेच घडी विस्कटली. अठरा-एकोणीस वर्षांचा मुलगा विद्यापीठाच्या नावाला भुलतो हे खरे; पण शब्द देतो तो घरी येऊन आईशी बोललेल्या माणसाला. तो माणूसच गेल्यावर त्या शब्दाचे काय, हा प्रश्न मुलांसमोर उभा राहिला. नव्या प्रशिक्षकवर्गाच्या निवडीत आपले म्हणणे ऐकले जावे, अशी या खेळाडूंची अपेक्षा असल्याचे तेव्हा सांगितले गेले. विद्यापीठाने आयोवाहून जॉर्ज रॅव्हलिंग यांना आणले. रॅव्हलिंग नामवंत आणि शिस्तीचे प्रशिक्षक. राहणार की जाणार, याचे उत्तर देण्यासाठी त्यांनी खेळाडूंना मुदत दिली. मुदतीत उत्तर आले नाही, तेव्हा गॅदर्स, किंबल आणि लुइस या तिघांच्या शिष्यवृत्त्या काढून घेण्यात आल्या. ग्रांडे मागे राहिला. लुइस पेपरडाइन विद्यापीठात गेला.

रॅव्हलिंग यांची बाजूही समजण्याजोगी आहे. संघ खेळाडूंच्या अटींवर चालू लागला तर प्रशिक्षकाला अर्थ उरत नाही. मात्र नियमांचे पारडे समतोल नव्हते. शिष्यवृत्ती दर वर्षी नव्याने मंजूर होई. विद्यापीठ ती थांबवू शकत असे. प्रशिक्षक एका विद्यापीठातून दुसरीकडे जाऊन लगेच काम सुरू करू शकत असे. खेळाडूने विद्यापीठ बदलले, तर मात्र त्याला एक संपूर्ण हंगाम सामन्यांबाहेर बसावे लागे.

बाहेरचे वर्ष

फिलाडेल्फियाच्या फादर हेगन यांना पॉल वेस्टहेड हे नाव परिचयाचे होते. वेस्टहेड यांनी त्याच शहरातील ला सॅल विद्यापीठाच्या संघाला नऊ वर्षे प्रशिक्षण दिले होते. शेक्सपिअर शिकवणारा हा प्राध्यापक १९८० मध्ये लॉस एंजेलिस लेकर्सला व्यावसायिक विजेतेपद मिळवून देऊन गेला होता आणि पुढच्याच वर्षी पदावरून दूरही झाला होता. १९८५ पासून ते लॉस एंजेलिसमधील लॉयोला मेरीमाउंट या जेझुइट परंपरेच्या छोट्या विद्यापीठात होते. हँक आणि बो त्यांच्याकडे गेले. शहर तेच; पण मोठ्या मैदानावरून थेट चार हजारांच्या आसपास प्रेक्षक मावणाऱ्या गर्स्टन पॅव्हेलियनमध्ये.

१९८६-८७ चा हंगाम दोघांनी नियमाप्रमाणे बाहेर बसून काढला. सराव करायचा, सामना मात्र पाहायचा. लॉयोलाने त्या वर्षी १२ सामने जिंकले, १६ गमावले. मात्र सक्तीच्या विश्रांतीचे ते वर्ष वाया गेले नाही. वेस्टहेड यांची पद्धत अंगवळणी पडायला तेवढा काळ हवाच होता.

ही पद्धत म्हणजे वेगाचा ध्यास होता. फेक करण्यासाठी नियमाने ४५ सेकंद मिळत. वेस्टहेड यांचा संघ पहिल्या काही सेकंदांतच फेक करी. चेंडू प्रतिस्पर्ध्याकडे गेला की साऱ्या मैदानभर त्याच्यावर दडपण आणले जाई. प्रतिस्पर्ध्याने गुण केले तरी चालतील, पण त्याचा दम निघाला पाहिजे, हे त्यामागचे गणित. इतर प्रशिक्षकांना हा वेडेपणा वाटे. तो यशस्वी करायला न थकणारे पाय आणि अहंकार बाजूला ठेवणारी मने लागतात. हँकचे पाय त्यासाठीच घडले होते.

दोन खेळाडू आले आणि...

१९८७-८८ मध्ये बंदीचे वर्ष संपले. त्याच हंगामात यूसीएलए सोडून आलेला कोरी गेन्सही चेंडू पुढे नेण्याच्या जबाबदारीसाठी सज्ज झाला. परिणाम थक्क करणारा होता. लॉयोलाने २८ सामने जिंकले, केवळ चार गमावले. त्यात सलग २५ विजयांची मालिका होती. वेस्ट कोस्ट गटातील सर्व १४ सामने त्यांनी खिशात घातले. राष्ट्रीय स्पर्धेत वायोमिंगला ११९-११५ असे हरवून मग नॉर्थ कॅरोलिनाकडून पराभव पत्करला.

पुढच्या हंगामात हँकने सामन्यामागे ३२.७ गुण आणि १३.७ रिबाउंड अशी सरासरी राखली. एकाच हंगामात या दोन्ही बाबतींत देशात पहिला येणारा, पहिल्या श्रेणीच्या इतिहासातील तो केवळ दुसरा खेळाडू ठरला. पहिला मान १९८५ मध्ये विचिटा स्टेटच्या झेव्हियर मॅकडॅनियलचा. हँकची उंची सहा फूट सात इंच. बास्केटखाली वावरणाऱ्या खेळाडूसाठी ती फार नव्हे. त्याच्याहून उंच खेळाडू पुष्कळ होते. पण चेंडूवर दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा झेपावणारा तोच असे.

व्यावसायिक लीगचे दार तेव्हाच ठोठावता आले असते. हँक शेवटच्या वर्षासाठी परतला. १९८९-९० मध्ये संघाने सामन्यामागे १२२.४ गुणांची सरासरी गाठली. हा राष्ट्रीय विक्रम ठरला. फेब्रुवारीत लुइझियाना स्टेटविरुद्ध, शकील ओनीलसारख्या महाकाय खेळाडूसमोर हँकने ४८ गुण केले. तो सामना लॉयोलाने जादा वेळेत १४१-१४८ असा गमावला. पण हँकची छाप सर्वांवर पडली.

मागे सुटलेल्या संघाची अवस्था काय होती? सदर्न कॅलिफोर्नियाने रॅव्हलिंग यांच्या पहिल्या तीन हंगामांत अनुक्रमे ९, ७ आणि १० विजय मिळवले. दोष केवळ तिघांच्या जाण्याला देता येणार नाही, पण ती पोकळी भरायला काही वर्षे लागली. १९९१-९२ मध्ये त्याच रॅव्हलिंग यांच्या संघाने २४ सामने जिंकले. तोवर हँक या जगात नव्हता.

हृदयाचा इशारा

९ डिसेंबर १९८९ रोजी घरच्या मैदानावर फ्री थ्रो घेताना हँक पहिल्यांदा कोसळला. तपासणीत हृदयाचे ठोके अनियमित असल्याचे आढळले. ते आटोक्यात ठेवण्यासाठी औषध सुरू झाले आणि दोन सामन्यांनंतर तो परतला. मात्र औषधाने अंगात मरगळ येते, पाय जड होतात, अशी त्याची तक्रार होती. हंगामात औषधाची मात्रा टप्प्याटप्प्याने कमी होत गेली. वेगावर उभ्या असलेल्या संघाचा कणा मंदावलेला कोणालाच परवडणारा नव्हता. सर्वांत कमी परवडणारा होता तो हँकला. व्यावसायिक लीगची निवड जवळ आली होती आणि त्या निवडीवर फिलाडेल्फियातील साऱ्या कुटुंबाचे भवितव्य अवलंबून होते.

४ मार्च १९९० रोजी गर्स्टन पॅव्हेलियनमध्ये पोर्टलंडविरुद्ध गटस्पर्धेचा उपांत्य सामना होता. हवेत उंचावून आलेला चेंडू हँकने झेप घेत थेट बास्केटमध्ये दडपला. प्रेक्षकांनी जल्लोष केला. मागे वळून मैदानाच्या मध्याकडे येताच तो कोसळला. उठण्याची धडपड केली, पुन्हा पडला. प्रेक्षकांत त्याचे कुटुंबीय होते. रुग्णालयात त्याला मृत घोषित करण्यात आले. हृदयाचे स्नायू जाड होण्याच्या विकाराने त्याचा बळी घेतल्याचे निदान पुढे झाले. कुटुंबाने न्यायालयात धाव घेतली आणि दावा तडजोडीने मिटला. खेळाडूच्या प्रकृतीचा निर्णय कोणी घ्यायचा, हा त्या मृत्यूने उभा केलेला प्रश्न मात्र मिटला नाही.

डाव्या हाताचे ऋण

गटस्पर्धा तिथेच थांबवण्यात आली. साखळीतील अव्वल स्थानामुळे लॉयोलाला राष्ट्रीय स्पर्धेत प्रवेश मिळाला. खेळायचे की नाही, हा निर्णय खेळाडूंचा होता, ते खेळले. न्यू मेक्सिको स्टेटविरुद्ध किंबलने ४५ गुण केले. गतविजेत्या मिशिगनला लॉयोलाने १४९-११५ असे नमवले. जेफ फ्रायरने त्यात ११ वेळा तीन गुणांची फेक साधली. अलाबामाने खेळ मुद्दाम संथ केला, तर तोही सामना ६२-६० असा जिंकला. अखेर अंतिम आठ संघांत पोहोचल्यावर नेवाडा-लास व्हेगासने त्यांना रोखले. तोच संघ पुढे विजेता ठरला. प्रत्येक सामन्यातील पहिला फ्री थ्रो किंबलने डाव्या हाताने घेतला आणि एकही चुकला नाही.

त्या वर्षी वेस्टहेड व्यावसायिक लीगमध्ये गेले, किंबलही गेला. बाहेरून आलेल्यांनी उभारलेली ती झेप लॉयोलाला तशी पुन्हा साधली नाही. मोठे खेळाडू आले की संघ उंचावतो. पण ते शिकवून जातात ते टिकवणे संस्थेच्या हाती असते.

नियम आता बदलले आहेत. २०२१ मध्ये खेळाडूंना एकदा, हंगाम न गमावता, विद्यापीठ बदलण्याची मुभा मिळाली. २०२४ मध्ये अभ्यासाच्या अटी पाळल्या तर कितीही वेळा बदल करण्याची सवलत आली. प्रशिक्षकाला असलेले स्वातंत्र्य खेळाडूलाही मिळाले, हे न्यायाचेच झाले. मात्र दर वर्षी नवे चेहरे घेऊन उभ्या राहणाऱ्या संघांना आता हँक आणि बो यांनी बाहेर बसून एकत्र काढलेले ते वर्ष मिळत नाही. नियमाच्या लेखी ती शिक्षा होती. त्याच वर्षात संघ मुरला, हेही तितकेच खरे.

२०२० मध्ये गर्स्टन पॅव्हेलियनबाहेर हँकचा पुतळा उभारण्यात आला. त्या सभागृहाला चाहते आजही हँकचे घर म्हणतात. जिथे त्याचे घर होते ते फिलाडेल्फिया दूर राहिले. ज्या विद्यापीठासाठी तो कॅलिफोर्नियाला आला, तिथे त्याला जागा उरली नाही. तिसऱ्या ठिकाणी तो जेमतेम चार वर्षे होता. त्याचे नाव राहिले ते तिथेच.